बासष्टावं ठिकाण

तबस्सुमची सुट्टी मंजूर झाली तेव्हा कंपनीत कुणाचा विश्वास बसला नाही, आणि तिचा स्वतःचा तर अजिबातच नाही. नऊ वर्षं झाली, फेब्रुवारी संपला की लोक तिला लग्नाला बोलवायचे ते नुसतं रीत म्हणून. ती येणार ती लॅपटॉप काखेत मारून येणार, आणि आत निकाह चालू असताना कुठल्यातरी कोपऱ्यात बसून टँकरची यादी काढणार, हे सगळ्या खानदानाला पाठ झालं होतं. सासरे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभी होती. बायका कुजबुजल्या. कुजबुजू देत, ती नवऱ्याला म्हणाली, तिकडे माणसं रिकामे ड्रम घेऊन बसली आहेत, त्यांना काय सांगू?

काम असं होतं. अजिंठ्याकडच्या भागात एका न्यासाचे तेरा टँकर उन्हाळाभर पाणी वाटायचे. एकसष्ट ठिकाणांची मागणी आदल्या संध्याकाळी यायची, आणि कुठला टँकर कुठल्या विहिरीवर भरून कुठल्या क्रमाने कुठे रिकामा करायचा, ही यादी सकाळी ड्रायव्हरांच्या फोनवर जायची. ती यादी काढणारा प्रोग्राम तबस्सुमने लिहिला होता. चिकलठाण्यात बेअरिंगच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर त्यांची आठ माणसांची कंपनी. मालक राजकुमार सर. सरांना एके वर्षी हॅस्केल नावाच्या भाषेचं वेड लागलं. त्या भाषेत फंक्शनल पद्धतीचे प्रोग्राम लिहितात. सरांनी सगळ्यांना ती शिकायला लावली. शिकले ते एकेक करून पुण्याला गेले. सरांचं वेड उतरलं. प्रोग्राम राहिला, आणि प्रोग्रामबरोबर तबस्सुम राहिली.

पण खरं सांगायचं तर ती भाषा तिला आवडली होती. त्या पद्धतीत एक सरळपणा आहे. प्रोग्रामचा प्रत्येक तुकडा पिठाच्या गिरणीसारखा: वरून जे टाकाल त्याचंच पीठ खाली येणार, दुसरं काही मिसळणार नाही. तीच मागणी टाकली की तीच यादी. आज टाका, उद्या टाका, एखाद्या पुढाऱ्याचा फोन आल्यावर टाका. "आमच्या वाडीला आधी पाठवा" म्हणणाऱ्यांना ती नऊ वर्षं एकच उत्तर देत आली होती: साहेब, यादी मी करत नाही, यादी होते. हे वाक्य बोलताना तिची मान जरा ताठ व्हायची.

एकच गोची होती. तो प्रोग्राम फक्त तिच्याच लॅपटॉपवर चालायचा. दुसऱ्या मशीनवर टाकला की कुठली तरी लायब्ररी जुनी निघायची, कुठलीतरी नवी, आणि दोन दिवस डोकं आपटून झालं की पुन्हा तिचाच काळा लॅपटॉप उघडायचा. त्याच्या झाकणाला आता चिकटपट्टी होती. तिचे गुडघे गेले होते, डोळ्यांना चष्म्यावर चष्मा लागला होता, मुलगी सुमय्या दहावी होऊन बारावीलाही बसून मोकळी झाली, आणि आई एकही उन्हाळा घरात नव्हती. थकवा असा की रात्री आठ तास झोपूनही सकाळी उठताना वाटायचं, आत्ताच तर पडले होते.

यंदा प्रेरणा आली. वय चोवीस, लासूर स्टेशनची, बोलायला फटकळ. तिने आल्या आल्या विचारलं, "आपा, हे अजून कंटेनरमध्ये का नाही टाकलं?"

कंटेनर म्हणजे डबाच. प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या लायब्ऱ्या, त्यांच्या नेमक्या आवृत्त्या, सगळं एका बंद डब्यात भरायचं आणि तो डबा पाठवून द्यायचा. कुठल्याही मशीनवर उघडा, आत सगळं तेच. डबा कसा भरायचा याची कृती ओळीओळीने लिहिलेली असते. कृतीत जे आहे तेच डब्यात, जे नाही ते नाही. प्रेरणा तीन आठवडे त्याच्यामागे होती. दीड जीबीचा डबा घासूनपुसून तिने ऐंशी एमबीवर आणला आणि पेढे वाटावेत तशा आनंदाने सगळ्यांना तो आकडा सांगत फिरली. चाचण्या सगळ्या हिरव्या आल्या, म्हणजे पास. शेवटी तिने जुन्या लॅपटॉपवरची यादी आणि डब्यातून आलेली यादी शेजारी शेजारी छापून तबस्सुमसमोर ठेवल्या.

"आपा, मला ही गावं माहीत नाहीत. तुम्ही नीट बघा."

तबस्सुमने वरच्या दहा-बारा ओळी बघितल्या. जुळत होत्या. तिने चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाली, "ठीक आहे. पाठवून दे."

अजिंठ्याला न्यासाच्या ऑफिसात डबा बसला. आता तिथल्याच क्लार्कने सकाळी एक बटण दाबायचं, की यादी. तबस्सुमने त्याच दिवशी महिन्याच्या सुट्टीचा अर्ज टाकला, आणि सरांनी वाचायच्या आधी सही केली.

पहिले तीन दिवस ती नुसती झोपली. चौथ्या दिवशी सकाळी सहाला जाग आली तेव्हा हात आपोआप उशीशेजारी लॅपटॉप शोधत गेला आणि रिकामा परत आला; लॅपटॉप ती ऑफिसात ठेवून आली होती. फोन वाजला नाही. पाचव्या दिवशीही नाही. बरं वाटलं, आणि जरासं वाईटही वाटलं. आपल्यावाचून कुणाचं अडत नाही हे नऊ वर्षांनी कळलं की माणूस थोडा खट्टू होतोच.

आठव्या दिवशी त्यांच्या गल्लीत पाणी आलं. शहरात नळाला पाणी यायचा दिवस म्हणजे घराघरात छोटी लढाई. तबस्सुम दुपट्टा कमरेला खोचून अंगणात पाइप धरून उभी होती आणि गच्चीवरून नवरा अफजल ओरडत होता, "अगे, ऊपर की टाकी भर गयी, अब नीचे का ड्रम लगा!" तेवढ्यात फोन वाजला. सांडूचा. न्यासाचा सर्वांत जुना टँकर ड्रायव्हर.

"म्याडम, सुट्टीवर हाय म्हनं तुमी? त्रास देतो. एक इचारायचं व्हतं."

"बोला सांडूभाऊ."

"काय नाय, आज माझ्या गाडीत अर्धा टँकर उरतोय. तर म्हनलं इचारावं, क्रशरवस्तीचा फेरा कायमचा बंद केला का? म्हंजे समितीनं काय ठरवलं असंल तर माझं काय म्हननं नाय. आठ दिस झालं यादीत नावच नाय."

पाइप तिच्या हातात तसाच राहिला. पाणी ड्रमऐवजी पायावर पडत होतं. अफजल वरून काहीतरी ओरडला, ते तिला ऐकूच आलं नाही.

क्रशरवस्ती. सहा वर्षांत तिने ते नाव उच्चारलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी ती एकदा फेरे बघायला म्हणून सांडूच्या टँकरमध्ये बसून फिरली होती. वाटेत खडी फोडायच्या क्रशरजवळ टायर बसला. तिथे पत्र्याची बेचाळीस घरं होती. दोन गावांच्या शिवेवर, आणि दोन्ही गावं म्हणायची ती आमच्यात नाहीत. म्हणून ती न्यासाच्या यादीत नव्हती. टायर बदलेपर्यंत भागूबाई नावाच्या एका बाईने तिला सावलीत बसवलं आणि चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर तबस्सुमला दिसलं, की भागूबाईने भांडं विसळलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात साठवून ठेवलं. त्या रात्री तिने आपल्या लॅपटॉपवर एका कोपऱ्यात एक छोटी फाइल केली आणि तिच्यात एक ओळ लिहिली: क्रशरवस्ती, घरं बेचाळीस, दिवसाआड अर्धा टँकर. प्रोग्रामला सांगितलं, मागणीबरोबर ही फाइलही वाच. टँकर त्याच रस्त्याने जायचा, कुणाचं पाणी कमी होत नव्हतं. यादी एकसष्टाची बासष्ट झाली. यादीवर कुणी शंका घेतली नाही, कारण यादी कंप्युटरची होती.

न्यासाच्या समितीकडे जायचं तिच्या मनात आलं होतं. समिती नाही म्हणेल, मग आत्ता जे गुपचूप होतंय तेही बंद पडेल, असा तिने स्वतःशीच निकाल लावला. आणि घाईघाईत आणखी एक ओळ लिहिली होती. प्रोग्राम दुसरीकडे तपासताना फाइलवाचून अडू नये म्हणून: फाइल सापडली नाही, तर ती रिकामी समज आणि पुढे जा.

डब्यात ती फाइल नव्हती. प्रेरणाने कंपनीच्या सर्व्हरवरच्या सामायिक साठ्यातला कोड घेतला होता. ती फाइल साठ्यात कधी गेलीच नव्हती, ती तबस्सुमच्या लॅपटॉपवर एकटीच बसून होती. प्रोग्रामने डब्यात ती शोधली, सापडली नाही, रिकामी समजली आणि पुढे गेला. ती एक ओळ नसती तर पहिल्याच सकाळी प्रोग्राम कोसळला असता, बोंब झाली असती आणि दहा मिनिटांत सगळं कळलं असतं. इतरांचा असला कोड दिसला की ती त्यांना फाडून खायची.

तिने नळ बंद केला. अर्धा ड्रम रिकामाच होता. "मैं अजिंठा जा रही," एवढं अफजलला सांगून ती रिक्षाने सेंट्रल बसस्टँडला गेली. अफजल पायरीवर येऊन बघत राहिला. त्यालाही या नऊ वर्षांची सवय झाली होती.

बस फुलंब्रीच्या पुढे गेली तेव्हा प्रेरणाचा फोन आला. तबस्सुमने तिला ऑफिसात जाऊन जुना लॅपटॉप उघडायला सांगितलं होतं.

"आपा, इथं बासष्ट येतात. डब्यात एकसष्ट. कोड तोच, मागणी तीच. असं होऊच शकत नाही ना?" तिचा आवाज रडवेला होता. बिचारीला वाटत होतं, चूक आपलीच.

तबस्सुमने तिला सगळं सांगितलं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ टिफिन मांडीवर घेऊन बसले होते, त्यांच्याकडे पाठ करून, हळू आवाजात.

"म्हणजे आपा, आख्ख्या जगाला सांगायचं, बाहेरून काही मिसळत नाही, आणि स्वतःच..."

"हो."

"मला तरी सांगायचंत."

"हो ग. हो."

मग प्रेरणा कामाचं बोलली. "ऐका. मी फाइल टाकून डबा नव्याने भरते. दुपारपर्यंत तिकडे बसेल. उद्या सकाळी यादीत वस्ती परत. कृतीत एकच ओळ वाढेल, आणि ती कृती तिकडे कोण वाचतंय? कुणाला पत्ताही लागणार नाही."

ते अगदी सोपं होतं. तबस्सुमला मोह झाला, खोटं कशाला बोला. इथेच खाली उतरावं, समोरून येणारी बस पकडावी, घरी जाऊन उरलेला ड्रम भरावा आणि झोपावं. पण पुढच्या वर्षी कुणी डबा नव्याने भरेल आणि ही ओळ कशाला आहे म्हणून काढून टाकेल, तेव्हा कुणाला फोन जाणार? तिला? ती असेल का तेव्हा?

"डबा भर," ती म्हणाली, "पण पाठवू नकोस. मी सांगेपर्यंत थांब."

न्यासाचं ऑफिस अजिंठ्याच्या बाजारापलीकडे, एका शाळेच्या जुन्या खोलीत. माऊली फरकाडे तिथले व्यवस्थापक. पन्नाशीचा माणूस, समोर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली, डोळ्यांखाली काळं. उन्हाळ्यात त्यांचंही काही खरं नसायचं. तबस्सुमला बघून त्यांना वाटलं, डबा बिघडला.

"डबा ठीक आहे साहेब. मीच बिघडवलं होतं," ती म्हणाली, आणि उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. फाइल, सहा वर्षं, आठ दिवस.

तिचं संपल्यावर फरकाडेंनी कपाट उघडून एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"हा अर्ज. एक पान आहे. नवीन ठिकाण जोडायचं असेल तर हा भरायचा, मी समितीपुढे ठेवतो. मागल्या चार वर्षांत नऊ वस्त्या अशाच आल्या. त्यातल्या तीन तर कुठल्याच गावात मोडत नाहीत."

तबस्सुमने कागद उचलून बघितला. खरंच एकच पान होतं.

"तुम्ही तेव्हाच आला असतात, म्याडम," फरकाडे म्हणाले. रागाने नाही, नुसते थकल्यासारखे. "तुम्हाला कुणी सांगितलं मी नाही म्हणीन म्हणून?"

कुणीच सांगितलं नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. सहा वर्षं ती मनातल्या मनात स्वतःला फार भली बाई समजत आली होती.

"समिती पाच तारखेला बसते. तोवर तातडीचा फेरा म्हणून माझ्या सहीवर मी पाणी पाठवू शकतो. सांडू आत्ता जाईल," फरकाडे म्हणाले. "पण मला तुमच्या सरांना लिहावं लागेल. सहा वर्षं यादी तुमच्या हाताने बदललेली होती, हे मी दाबून ठेवलं तर उद्या माझ्यावर येतं. मग ते तुम्हाला ठेवतात की काढतात, माझ्या हातात नाही."

"लिहा साहेब."

"अर्ज तुम्हीच भरून आणा. वस्तीवर जा. घरं मोजा."

"घरं बेचाळीस आहेत."

"मोजा," फरकाडे पुन्हा म्हणाले आणि फोन उचलून सांडूला बोलावू लागले.

टँकरच्या केबिनमध्ये चढताना तिच्या गुडघ्यातून कळ आली. सांडूने हात देऊन वर घेतलं. रस्त्यात त्याने फक्त एवढंच विचारलं, "म्हंजे त्यो फेरा समितीनं दिलाच नव्हता? तुमी दिला व्हता?" ती हो म्हणाली. सांडूने गिअर बदलला. मग म्हणाला, "मला वाटायचं, वरचं कुनीतरी लई मोठं मानूस आसंल."

क्रशरवस्तीवर दुपारचं ऊन पत्र्यांवरून परत अंगावर येत होतं. टँकरचा आवाज ऐकून बाया घरातून बाहेर आल्या, पण धावत नाही आल्या. दारात उभ्या राहून बघू लागल्या, हा चुकून तर आला नाही ना, अशा. भागूबाई पुढे आली. सहा वर्षांत वाकली होती. डाव्या पायाला फडकं बांधलं होतं. खदानीच्या खड्ड्यातून पाणी आणताना घसरली होती. हिरवं पाणी होतं ते. दोन पोरं हगवणीने दवाखान्यात होती, काल सलाइन लावलं होतं.

"या म्याडम," तिने तबस्सुमला ओळखलं. "सावलीला बसा."

तबस्सुमला बसवेना. "भागूबाई, आठ दिवस पाणी आलं नाही, तर फोन का नाही केला? ऑफिसला, मला, कुणालाही?"

भागूबाईने सांडूकडे बघितलं, मग खाली. "कुनाला सांगायचं, बाई? आमाला वाटायचं ह्यो सांडूच आपल्या मनानं आमाला पानी टाकून जातोय, चोरून. आमचं नाव कुठंच नाय, मग पानी कसं येईल? बोंब मारली आस्ती तर त्याच्या पोटावर पाय आला असता. आमी म्हनलं, सापडला आसंल बिचारा. गप ऱ्हावा."

सांडू पाइप खांद्यावर घेऊन उभा होता. त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. तबस्सुमला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही. ही माणसं आठ दिवस हिरवं पाणी प्यायली ती एका ड्रायव्हरला वाचवायला, आणि त्या ड्रायव्हरने काही केलंच नव्हतं.

पाइप सुटला. बाया ड्रम घेऊन रांगेत लागल्या. रांग लांब होती, पण निम्म्या बाया रांगेत न येता दारातच उभ्या राहिल्या होत्या.

"त्या का येत नाहीत?"

"त्यांची पाळी फुडच्या टँकरला," भागूबाई म्हणाली. "ह्या अंगाच्या आज, त्या अंगाच्या फुडच्या बारीला. अर्ध्या टँकरात समद्यांचं भागत नाय. तीनेक वर्सं झाली, नवं क्रशर आलं तवापासनं. आमी आमचंच ठरवलंय, भांडन नाय काय नाय."

तबस्सुम अर्ज हातात घेऊन घरं मोजायला निघाली. पहिल्या अंगाला मोजताना बेचाळीस कधीच मागे पडले. पलीकडच्या अंगाला नवे पत्रे होते, ताडपत्र्या होत्या, एका घराला भिंतीऐवजी बारदान होतं. ती दारादारात थांबून नीट मोजत गेली, मधेच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. अठ्ठ्याऐंशी. तिच्या फाइलमध्ये सहा वर्षं बेचाळीस लिहिलेलं होतं, आणि प्रोग्राम दिवसाआड, न चुकता, बेचाळीस घरांचंच पाणी पाठवत होता.

ती परत आली तेव्हा टँकर रिकामा होत आला होता. टँकरच्या मडगार्डवर कागद ठेवून तिने वस्तीचं नाव लिहिलं. भागूबाई शेजारी उभी राहून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद सरकारी दिसतोय एवढं कळत होतं.

"काय ल्हिता?"

"घरं किती ते. पाण्यासाठी अर्ज आहे. समितीपुढे जाईल."

"किती ल्हिलं?"

"अठ्ठ्याऐंशी."

भागूबाईने घाईने तिचा हात धरला. हात खरखरीत होता आणि ओला होता. "नगं बाई, येवढं नगं ल्हू. लई मोठा आकडा बघून त्ये नाय म्हंतील, मग हाय ते बी जाईल. बेचाळीसच ल्हिवा. आमी वाटून घिऊ. आमाला सवय हाय."

तबस्सुमने पेन थांबवलं. ही बाई बोलत होती ते तिला शब्दन् शब्द ओळखीचं होतं. सहा वर्षांपूर्वी, लॅपटॉपसमोर बसून, तिने स्वतःशी हेच म्हटलं होतं.

"नाही, भागूबाई," ती म्हणाली. "आहेत तितकी लिहायची."

तिने आठापुढे आठ काढला, अक्षरांतही लिहिलं आणि खाली अर्जदार म्हणून स्वतःची सही केली. भागूबाई तिचा हात सोडून मागे सरली आणि पदराने तोंड पुसत कागदाकडे बघत राहिली, अजूनही घाबरलेली.